शेजारच्या मोकळ्या जमिनीवर गृहप्रकल्प प्रस्तावित आहे. हरकत कशी लिहावी?

प्रश्न

आमच्या वस्तीला लागून असलेल्या सुमारे ४ हेक्टर मोकळ्या जमिनीवर ४०० सदनिकांचा गृहप्रकल्प प्रस्तावित झाला आहे. प्रत्येकी साधारण ४५ मीटर उंचीच्या चार इमारती, त्यांच्याभोवती अंतर्गत रस्ते आणि वाहनतळ असा अभिन्यास आहे. नियोजन प्राधिकरणाने प्रस्तावाची कागदपत्रे पाहणीसाठी खुली केली असून लेखी हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि त्यानंतर सुनावणी होणार आहे.

वस्तीत यावर दोन बैठका झाल्या. जास्तीत जास्त सह्या गोळा कराव्यात आणि एका पानावर ‘हा प्रकल्प नको’ एवढेच लिहून द्यावे, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. लोकांना घरे लागतातच, आणि आम्ही ज्या घरांत राहतो तीही एके काळी मोकळ्या जमिनीवरच उभी राहिली. मात्र आमची घरे त्या जमिनीच्या उताराखाली, सखल भागात आहेत, दोहोंच्या मधून एक लहान ओढा वाहतो, आणि मुख्य रस्त्याला जाण्याची वाट एकच आहे. ती वाट नव्या सदनिकाधारकांनाही वापरावी लागेल. लोकांच्या मनातली भीती खरी आहे, पण ती अधिकाऱ्यांपुढे कोणत्या स्वरूपात न्यावी हे आम्हाला कळत नाही.

प्रस्तावासोबत तीनशेच्या आसपास पाने आहेत. त्यांत अभिन्यासाचा नकाशा, वाहतुकीचा अहवाल, पर्जन्यजलाच्या निचऱ्याचा अहवाल आणि झाडांची यादी आहे. मी अभियंता नाही. यांतले काय आधी वाचावे, शंका कोठे घ्यावी, आणि हरकत कशी लिहिली म्हणजे तिला उत्तर देणे प्राधिकरणाला भाग पडेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

मी बरीच वर्षे अशा प्रस्तावांची छाननी करण्याचे काम केले आहे. आलेल्या हरकतीचे कार्यालयात पुढे काय होते हे समजले, तर ती कशी लिहावी हे बऱ्याच अंशी आपोआप उलगडते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

सर्वांत आधी त्या जमिनीचा वापर मंजूर विकास आराखड्यात काय दाखवला आहे ते पाहा. जमीन आधीच निवासी पट्ट्यात असेल, तर तेथे घरे असावीत की नसावीत हा निर्णय आराखडा मंजूर झाला त्याच दिवशी झालेला आहे; आता फक्त घरे किती, कशी आणि कोणत्या अटींवर, एवढेच ठरायचे आहे. अशा वेळी ‘प्रकल्प नको’ ही हरकत अधिकारी एका वाक्यात निकाली काढतो, कारण ती मान्य करण्याचा अधिकारच त्याच्या हाती नसतो. जमीन शेती किंवा हरित पट्ट्यात असेल आणि प्रस्तावात वापरबदल मागितला असेल, तर मूळ प्रश्नच खुला राहतो आणि हरकतीची मांडणी पूर्णपणे बदलते. आपण याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून पुढचे सारे मी जमीन निवासी पट्ट्यात आहे असे धरून लिहितो.

सह्यांविषयी आपली शंका बरोबर आहे. एकाच मजकुराखाली एक हजार सह्या असल्या, तरी छाननीच्या तक्त्यात तो एकच मुद्दा म्हणून नोंदला जातो. याउलट पाच जणांनी पाच वेगवेगळे मुद्दे पुराव्यासह लिहिले, तर पाच उत्तरे द्यावी लागतात. आपल्या घराची किंमत उतरेल, खिडकीतून दिसणारे दृश्य जाईल, किंवा विकासकाचा हेतू चांगला नाही, असे मुद्दे बहुतेक ठिकाणच्या नियोजन प्रक्रियेत विचारात घेतले जात नाहीत. पाण्याचा निचरा, वाहतुकीची सुरक्षितता, अग्निशमनाची पोहोच, शेजारच्या घरांचा उजेड, पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांची क्षमता, आणि आराखड्याशी सुसंगती यांचा विचार मात्र करावाच लागतो.

प्रत्येक मुद्दा लिहिताना अहवालाचे पान आणि परिच्छेद क्रमांक द्या, तेथील विधान जसेच्या तसे उतरवा, ते का अपुरे आहे ते सांगा आणि शेवटी आपली नेमकी मागणी लिहा. ‘पावसाळ्यात फार पाणी साचते’ या वाक्याला उत्तर नसते. ‘अमुक पानावर ओढ्याच्या मोरीची क्षमता पुरेशी असल्याचे म्हटले आहे, परंतु मोरीचे मोजमाप अहवालात कोठेही दिलेले नाही, ते मोजून गणितासह सादर होईपर्यंत निर्णय घेऊ नये’ या वाक्याला उत्तर द्यावेच लागते.

उजेडाचा मुद्दा लोकांना बोलायला संकोच वाटतो, तसे वाटू देऊ नका, कारण उंचीवरच्या नियमांचा एक मोठा उगमच तेथे आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली पूर्ण झालेल्या इक्विटेबल इमारतीची सावली आजूबाजूच्या रस्त्यांवर आणि इमारतींवर इतकी दूरवर पडू लागली की १९१६ साली त्या शहराने केलेल्या नियमावलीमागच्या कारणांत ती एक ठरली. उंची वाढेल तसे बांधकाम मागे घेण्याचे बंधन त्या नियमावलीत होते. सावलीचे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचे आहे. उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला दुपारी सूर्य वर्षातला सर्वांत खाली असतो, आणि त्या दिवशीची त्याची माध्यान्हीची उंची काढण्यासाठी ९० अंशांतून आपला अक्षांश आणि आणखी साधारण २३.४ अंश वजा करावेत. २० अंश अक्षांशावर ४५ मीटर उंच इमारतीची त्या दिवशीची माध्यान्हीची सावली सुमारे ४३ मीटर पडते. ५० अंश अक्षांशावर तीच सावली सुमारे १५० मीटर होते. सकाळी आणि सायंकाळी ती याहून कितीतरी लांब असते. आपली घरे इमारतींच्या उत्तरेला असतील, तर त्या दिवसाचा तासातासाचा सावलीचा नकाशा मागा. ती दक्षिणेला असतील तर यावर वेळ घालवू नका.

दुसरे उत्तर

मी पर्जन्यजल निचऱ्याच्या कामात अभियंता आहे. आपण सखल भागात राहता आणि मधे ओढा आहे हे वाचल्यावर मला वाटते की आपल्या हरकतीचा गाभा येथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. गणित दिसायला कठीण आहे, पण ज्याला गुणाकार येतो त्याला ते तपासता येते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४ हेक्टरांवर २,००० घनमीटर पाणी पडते. यातले किती जमिनीत मुरते आणि किती वाहून जाते ते पृष्ठभागावर अवलंबून असते, आणि वाहून जाणाऱ्या हिश्श्याला प्रवाह गुणांक म्हणतात. गवताळ मोकळ्या जमिनीसाठी तो साधारण ०.२ ते ०.३ धरतात, छप्परे व डांबरी पृष्ठभाग यांसाठी ०.७ ते ०.९५. लहान क्षेत्रातला सर्वोच्च प्रवाह काढण्याची जी पद्धत आजही जगभर वापरली जाते ती आयर्लंडमध्ये मुलवानी यांनी १८५१ साली मांडली आणि अमेरिकेत कुइचलिंग यांनी १८८९ साली शहरी गटारांसाठी वापरली. गुणांक, मिलिमीटर प्रति तासातली पावसाची तीव्रता आणि हेक्टरमधले क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागले की दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहील ते मिळते.

आता आपल्या जमिनीसाठी हे करून पाहा. बांधकामापूर्वीचा गुणांक ०.२५ धरला, तर प्रवाह सेकंदाला सुमारे १३९ लिटर येतो. बांधकामानंतर सरासरी गुणांक ०.७५ झाला, तर तोच प्रवाह ४१७ लिटर होतो. म्हणजे त्याच पावसात आपल्या ओढ्याकडे दर सेकंदाला तिप्पट पाणी येईल. प्रत्यक्षात फरक याहूनही वाढू शकतो, कारण गुळगुळीत पृष्ठभाग आणि वाहिन्या यांमुळे पाणी लवकर गोळा होते, आणि लवकर गोळा होणाऱ्या पाण्यासाठी अधिक तीव्र, कमी वेळाचा पाऊस हिशोबात धरावा लागतो.

अहवाल उघडल्यावर मी सर्वांत आधी बांधकामानंतरचा नव्हे, तर बांधकामापूर्वीचा गुणांक पाहतो. तेथे ०.२५ ऐवजी ०.५ लिहिले असेल, तर वाढ तिप्पट न दिसता केवळ दीडपट दिसते, आणि त्या दीडपटीला पुरेल एवढीच पाणी थोपवणारी टाकी आराखड्यात येते. पुढचे सगळे गणित अचूक असते; चुकलेले असते ते पहिल्या पानावरचे गृहीतक. जमीन खडकाळ किंवा घट्ट चिकणमातीची असेल, तर मोठा गुणांक योग्यही असू शकतो, म्हणून लगेच आरोप करू नका. मात्र तो कोणत्या मृदाचाचणीच्या आधारे धरला हे जरूर विचारा.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे टाकी. वरच्या उदाहरणात एका तासातले जास्तीचे पाणी १,००० घनमीटर आहे. ते थोपवून सावकाश सोडायचे, तर २५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २ मीटर खोल एवढी रिकामी जागा पाहिजे. ‘रिकामी’ या शब्दावर माझा भर आहे. अनेक अभिन्यासांत हीच टाकी पावसाचे पाणी साठवून बागेला वापरण्यासाठीही दाखवलेली असते. पाणी वापरायचे असेल तर ती भरलेली हवी, आणि पूर थोपवायचा असेल तर ती मोकळी हवी. एकच घनमीटर दोन्ही कामांसाठी दोनदा मोजला आहे का, हे तपासा.

तिसरी गोष्ट आहे पातळ्यांची, आणि सामान्य माणसाला हीच सर्वांत चांगली समजते. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, असतात आणि इमारतींच्या जोत्याची पातळी दिलेली असते. जमीन भराव घालून एक मीटरने उचलली, तर पूर्वी तेथे पसरून राहणारे पाणी दुसरीकडे जाणारच, आणि तुमची घरे उताराखाली आहेत. भरावाआधीच्या व नंतरच्या पातळ्या, तुमच्या घरांच्या उंबऱ्याची पातळी, ओढ्याचा तळ आणि ओढ्याला ज्ञात असलेली पुराची सर्वोच्च खूण, हे सारे एकाच छेदचित्रावर दाखवून द्यावे अशी मागणी करा. एवढे एक चित्र हाती आले की भरावाचे पाणी कोणाकडे जाईल हे सुनावणीत कोणालाही समजावता येते. जुन्या पुराची खूण कोणाच्या भिंतीवर राहिली असेल, तर तारखेसह छायाचित्र जोडा, कारण अहवाल लिहिणाऱ्याकडे ती माहिती नसते आणि ती फक्त तुम्हीच देऊ शकता.

शेवटी ‘२५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ या शब्दप्रयोगाविषयी. तो पाऊस आला की पुढची २४ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच अर्थ आहे, आणि ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के होते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठीही ती ३० वर्षांत २६ टक्के असते. म्हणून वाहिन्या २५ वर्षांच्या पावसासाठी आखल्या असल्या, तरी त्याहून मोठा पाऊस आला असता जास्तीचे पाणी जमिनीवरून कोणत्या मार्गाने जाईल, हे नकाशात दाखवलेले असले पाहिजे. तो मार्ग घरांमधून जात नाही ना, हे पाहा.

तिसरे उत्तर

वाहतुकीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण वरील उत्तरातले तत्त्व येथेही तसेच लागू पडते.

अहवालात दिवसभराची सरासरी दिली असेल तर ती बाजूला ठेवा आणि सर्वाधिक गर्दीचा तास पाहा. ४०० सदनिकांपैकी निम्म्यांतून त्या तासात एकेक वाहन बाहेर पडले, तरी २०० वाहने होतात, म्हणजे दर १८ सेकंदांना एक. रस्ता हे सहज पेलतो. अडचण येते ती मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या तोंडाशी. रांगांच्या अगदी साध्या गणिती प्रारूपात एखादे तोंड ८० टक्के वापरात असले, तर सरासरी ४ वाहने त्यात अडकलेली असतात. ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे वाहने थोडीच वाढली, तरी रांग कित्येक पटींनी वाढू शकते. म्हणून ‘वाहतुकीत केवळ १० टक्के वाढ’ या वाक्यावर समाधान मानू नका. आज ते तोंड किती टक्के भरलेले आहे ते विचारा. मोजणी कोणत्या वारी आणि कोणत्या महिन्यात झाली, शाळांना सुट्टी होती का, आणि आसपास मंजूर होऊन अद्याप न बांधलेल्या प्रकल्पांची वाहने त्यात धरली आहेत का, हेही पाहा.

वाट एकच आहे, हा गर्दीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न अधिक आहे. ती वाट अपघाताने बंद झाली, तर अग्निशमन गाडी कोठून येणार? केवळ आणीबाणीसाठी वापरायचा दुसरा प्रवेश, गाडी वळवण्यास पुरेशी जागा, आणि वाहनतळ तळघरात असेल तर त्याच्या छतावर अग्निशमन गाडीचे वजन पेलण्याची क्षमता, या तीन गोष्टी आराखड्यात लेखी आहेत का ते तपासा. तिसरी गोष्ट पुष्कळदा निसटते: नकाशात इमारतीभोवती रुंद रस्ता दिसतो, पण तो प्रत्यक्षात तळघराचे छत असतो.

चौथे उत्तर

आमच्या वस्तीने या सगळ्यातून जाऊन काही वर्षे झाली. आम्ही सुनावणीला गेलो, मुद्दे मांडले, ते ऐकलेही गेले, आणि परवानगीपत्रात अट आली की ‘विकासकाने पर्जन्यजलाच्या निचऱ्याची योग्य ती व्यवस्था करावी’. आम्हाला जिंकल्यासारखे वाटले. इमारती झाल्या, लोक राहायला आले, आणि ओढ्यापर्यंतची वाहिनी मात्र अर्ध्यावर थांबली, कारण उरलेला भाग दुसऱ्याच्या जमिनीतून जाणार होता. आम्ही तक्रार केली तेव्हा ‘योग्य ती’ म्हणजे काय आणि ती कधीपर्यंत, हे अटीत कोठेच नसल्याचे आम्हाला दाखवण्यात आले. पुढच्या दोन पावसाळ्यांत खालच्या रांगेतल्या घरांत पाणी शिरले. ज्यांच्या घरात ते शिरले त्यांच्यात एक वृद्ध दांपत्य होते, आणि त्यांचे भिजलेले सामान बाहेर काढताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेलो नाही. त्या अटीचा मसुदा सुनावणीआधी आमच्या हातात होता आणि आम्ही तो वाचून पुढे गेलो होतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हरकतीइतकाच वेळ अटीच्या शब्दांवर घालवा. इंग्लंडमध्ये परवानगीच्या अटीला सहा कसोट्या लावतात: ती आवश्यक असावी, नियोजनाशी संबंधित असावी, त्या विशिष्ट विकासाशी संबंधित असावी, अंमलात आणता येण्याजोगी असावी, नेमकी असावी आणि वाजवी असावी. आमची अट चौथ्या व पाचव्या कसोटीवर उभीच राहिली नसती.

दुसऱ्याच्या जमिनीचा प्रश्न कसा सोडवावा हेही मला नंतर कळले. स्कॉटलंडमधल्या एका प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९८४ साली असा निर्णय दिला की जी गोष्ट अर्जदाराच्या एकट्याच्या हातात नाही ती ‘त्याने करावी’ अशी अट टिकणार नाही, पण ती गोष्ट झाल्याशिवाय ‘बांधकाम सुरू करू नये’ अशी नकारार्थी अट घालता येते. त्या प्रकरणात मुद्दा रस्ता बंद करण्याचा होता. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला, तरी वाक्यरचनेतला हा धडा कोठेही घेता येतो. आम्ही अट पुढीलप्रमाणे मागायला हवी होती: ‘पर्जन्यजल वाहिनी ओढ्यापर्यंत पूर्ण होऊन प्राधिकरणाच्या अभियंत्याने तिची तपासणी केल्याचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय एकाही सदनिकेला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.’ यात काय करायचे, कोणी तपासायचे आणि न केल्यास काय अडेल, हे तिन्ही आले. वाहिनी व टाकी यांची साफसफाई पुढे कोण करील हेही त्याच अटीत लिहून घ्या. विकासक काम संपवून निघून जातो आणि गाळ तेथेच राहतो.

पाचवे उत्तर

वरील सर्व उत्तरे उपयुक्त आहेत, तरी एक बाजू कोणीच मांडलेली नाही, ती मांडणे मला आवश्यक वाटते. त्या ४०० सदनिकांत जे राहणार आहेत ते सुनावणीला येणार नाहीत, कारण आपण तेथे राहणार आहोत हे आज त्यांनाही ठाऊक नाही. मी स्वतः बारा वर्षांत सात भाड्याची घरे बदलली आहेत. प्रश्नकर्त्यांनी लोकांना घरे लागतात हे आरंभीच मान्य केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझी सूचना अशी की हरकती एकमेकींना छेद देणार नाहीत हे पाहावे. वस्तीतल्या काहींना इमारतींची उंची कमी हवी असेल, काहींना वाहनतळ अधिक हवा असेल आणि सर्वांनाच पुराची भीती आहे. परंतु पाणी किती वाहून जाईल हे मजल्यांच्या संख्येवर नव्हे, तर झाकलेल्या जमिनीवर ठरते. तेवढ्याच सदनिका दोन मजली घरांत बसवल्या, तर छप्परांनी कितीतरी जास्त जमीन व्यापली जाईल आणि ओढ्यात पाणी आजच्या प्रस्तावापेक्षा जास्त येईल. उघड्या वाहनतळाची प्रत्येक जागाही जमीन झाकतेच. उंची कमी, वाहनतळ जास्त आणि पाणी कमी, अशी तिन्ही मागणी एकाच पत्रात गेली, तर विकासकाचा सल्लागार ती सहज परस्परविरोधी ठरवील, आणि त्याचे म्हणणे खोटे नसेल. आपल्याला सर्वांत महत्त्वाचे काय आहे, ते आधी आपसांत ठरवा. माझ्या मते ते पाणी असावे; सावलीचा मुद्दा इमारतींची जागा थोडी सरकवूनही सुटू शकतो.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन दिवस बसून निचऱ्याचा अहवाल वाचला. जमीन निवासी पट्ट्यातच आहे. बांधकामापूर्वीचा गुणांक ०.४५ धरला आहे आणि मृदाचाचणीचा उल्लेख कोठेही सापडला नाही. टाकी एकच आहे आणि तिचे वर्णन ‘पुनर्वापर व पूरनियंत्रण’ असे केले आहे. पाचव्या उत्तरानंतर बैठकीत उंचीचा मुद्दा सोडून द्यायचे ठरले. त्यावर वाद झाला, पण शेवटी सर्वांनी ते मान्य केले.

आणखी एक बाब लक्षात आली. अभिन्यासाच्या नकाशात पूर्वेकडच्या कडेला तुटक रेषेने ‘भविष्यातील विस्तार’ असे लिहिले आहे आणि एक अंतर्गत रस्ता त्या रेषेपर्यंत नेऊन सोडला आहे. अहवालांत त्या विस्ताराबद्दल एक शब्दही नाही. यावर आता हरकत घेता येते का, की तो प्रस्ताव येईपर्यंत थांबावे?

पहिल्या उत्तरदात्याचे उत्तर

थांबू नका. मोठा प्रकल्प तुकड्यांत सादर केला की प्रत्येक तुकड्याचा परिणाम नगण्य दिसतो आणि एकत्रित परिणाम कोणीच तपासत नाही. युरोपीय न्यायालयाने १९९९ साली आयर्लंडविरुद्धच्या खटल्यात हेच सांगितले होते की प्रकल्पांचे तुकडे पाडून पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाचा हेतू टाळता येणार नाही. आपल्याकडे तो निर्णय बंधनकारक असो वा नसो, त्यामागचा युक्तिवाद छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला परिचित असतो.

नकाशातली ती तुटक रेषा आणि तेथे सोडलेला रस्ता हाच आपला पुरावा आहे. आपण अंदाज बांधत नाही, अर्जदाराच्याच नकाशाकडे बोट दाखवत आहात. मागणी अशी करा की एकतर त्या विस्तारासह संपूर्ण क्षेत्राचे निचऱ्याचे आणि वाहतुकीचे गणित आताच सादर व्हावे, किंवा तो रस्ता प्रकल्पाच्या हद्दीच्या आत संपवून ती नोंद नकाशातून काढावी. अर्जदाराला यांतला कोणताही पर्याय स्वीकारता येतो, म्हणून मागणी अवाजवी ठरत नाही. विस्तार खरोखरच होणार असेल, तर ओढ्याकडे जाणारी वाहिनी आणि मोरी आजच त्या मापाची घालणे अर्जदाराच्याही सोयीचे आहे. नंतर रस्ता फोडून ती बदलावी लागते.

गुणांकाबाबत मृदाचाचणीचा अहवाल आणि निचऱ्याच्या गणिताची मूळ कोष्टके आजच लेखी मागवा. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वात पर्यावरणविषयक माहिती मिळण्याची आणि निर्णयप्रक्रियेत सहभागाची संधी नागरिकांना असावी असे म्हटले आहे, आणि बहुतेक देशांत माहिती मागण्याची काही ना काही कायदेशीर वाट आहे. कोष्टके मुदतीत मिळाली नाहीत, तर ती मागितल्याची तारीख हरकतपत्रात नमूद करून, ती मिळाल्यानंतर पुरवणी हरकत देण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचे लिहा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. सुनावणीत तोंडी मांडलेला प्रत्येक मुद्दा त्याच दिवशी एका पानावर लिहून द्या आणि तो इतिवृत्तात आला का ते नंतर जाऊन पाहा, कारण पुढे अपिलाची वेळ आली तर जे कागदावर नाही ते सिद्ध करणे फार अवघड जाते.